जांभळे हातमोजे

१

जिथे शून्य यायला हवं होतं, तिथे आकडा आला होता.

भिंगताईंनी तो कागद चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला, शेवटी खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. आकडा जागचा हलला नाही. त्या मात्र खोलीभर हलत होत्या. टेबलापासून कपाट, कपाटापासून दार, दारापासून पुन्हा टेबल. एका जागी बसून विचार करणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि आज तर पायाला भिंगरीच लागली होती.

कॅन्सरच्या या रुग्णालयात त्या सुरक्षा अधिकारी होत्या. रुग्णांच्या नव्हे, कर्मचाऱ्यांच्या. कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं चांगल्या पेशींनाही सोडत नाहीत. पेशंटला ती द्यावीच लागतात, पण देणाऱ्याच्या अंगात ती थेंबभरही जाता कामा नयेत. म्हणून त्या दिवसभर टेबलं, दारांच्या मुठी, सलाईनचे स्टँड कापसाने पुसून ते बोळे प्रयोगशाळेत पाठवत, आणि या औषधांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासून घेत. 'भिंगताई' हे नाव लोकांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

कागदावरचा आकडा मैनेचा होता. मैना म्हणजे केमोच्या वॉर्डातली नर्स. तोंडाचा पट्टा सतत सुरू, म्हणून मैना. दिवस राहिल्याचं कळताच ती सगळ्यांत आधी भिंगताईंकडे आली होती, आणि भिंगताईंनी त्याच दिवशी तिला औषधांपासून उचलून वॉर्डाबाहेरच्या नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं. तिथे फक्त फोन घ्यायचा आणि पेशंटना खुर्ची दाखवायची. तिची तपासणी केली ती निव्वळ नावापुरती. आणि तिच्याच लघवीत केमोचं औषध सापडलं होतं.

त्यांनी मैनेला बोलावून घेतलं आणि आडवळण न घेता सांगितलं. मैना पहिल्यांदाच गप्प बसलेली दिसली. तिचा हात आपोआप पोटाकडे गेला. चौथा महिना होता. आधीचं एक टिकलं नव्हतं, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं.

"पण मी तर शिवलेसुद्धा नाही ताई! बाटली नाही, पिशवी नाही, पेशंटची चादरसुद्धा नाही."

"माहीत आहे मला."

"मग हे जातंय कुठून?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या बाळाला हे घालतंय कोण?"

२

भिंगताईंनी पहिली धाड घातली ती औषध मिसळण्याच्या खोलीवर.

तिथे काकांचं राज्य होतं. काका म्हणजे सगळ्यांत जुने फार्मासिस्ट. पुढे काच असलेलं मोठं कपाट, त्यातली हवा आत ओढून घेणारा पंखा, अंगभर गाऊन, हातांवर दोन-दोन हातमोजे, आणि काचेखाली हात घालून पिशव्या भरणारे काका. कोणी आत डोकावलं तरी ते गुरगुरत.

"माझ्या पिशव्या बाहेरून पुसल्याशिवाय या खोलीबाहेर जात नाहीत," ते म्हणाले. "संशय असेल तर घ्या पुसून."

"घेणारच आहे."

"घ्या की. आणि माझ्यावर डोळे वटारण्याआधी तुमच्या स्टोअरवाल्यावर वटारा. जांभळ्या हातमोज्यांचे खोके अर्धे रिकामे येतायत हल्ली. पांढरे साधे मोजे हवे तेवढे, आणि केमोचे जाड जांभळे तेवढे कमी. मी काय आता उघड्या हातांनी विष घुसळू?"

भिंगताईंनी ते कानाआड केलं. हातमोजे कमी असण्याची तक्रार काका ऊठसूट करत. त्यांनी पिशव्या पुसल्या, टेबल पुसलं, बोळे बाटल्यांत बंद केले, आणि वॉर्डाकडे निघाल्या.

वॉर्डात मैनेच्या जागी आलेली नर्स होती. तिला सगळे मिरची म्हणत, आणि ते काही रंगावरून नव्हतं.

"म्हणजे आता माझ्यावर?" कमरेवर हात ठेवून ती म्हणाली. "तिचं पोट आलं, तिची सगळी ड्युटी माझ्या डोक्यावर. ती बाहेर बसून गप्पा मारते, मी इथे पळतेय. वर तिला त्रास झाला तर तोही मीच दिला?"

"असं मी म्हटलं का?"

"तुमचे डोळे म्हणतायत."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. मैना जागेवर नव्हती. मिरची तरातरा गेली, रिसीव्हर उचलला, दोन शब्द बोलली आणि आदळून परत आली. भिंगताई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. ती नुकतीच एका पेशंटची रिकामी पिशवी काढून आली होती, आणि हातात तेच हातमोजे होते.

"काय झालं?" मिरचीने विचारलं. मग तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं आणि चेहरा पांढरा पडला.

मैनेच्या टेबलावरचा फोन. दिवसभर मैना कानाला लावून बोलते तो.

३

बोळ्यांचा अहवाल यायचा होता. तोवर भिंगताईंना चैन कुठली पडायला? त्या तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये उतरल्या. तिथे मैनेचा नवरा होता. साधा, अबोल, नाकासमोर चालणारा माणूस. मैनेला वॉर्डातल्या सगळ्याजणी बहीण मानत, म्हणून त्याला सगळं रुग्णालय भाऊजी म्हणे, अगदी काकासुद्धा.

भाऊजी खोक्यांच्या मधोमध उभा होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. त्याला बातमी कळली होती.

"ताई, हे औषध..." तो अडखळला. "साबणानं चांगलं घासून धुतलं की जातं ना?"

"काय धुतलं की?"

"काहीही. म्हणजे हात. भांडी. काहीही."

"हातावरचं जातं. पण वेळेवर धुतलं तर." बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागलाय, भिंगताईंना वाटलं. बायकोच्या काळजीने माणूस काहीही विचारतो. "तुम्ही औषधाची बंद खोकी तेवढी हाताळता ना? फुटलं, गळलं असं काही?"

"एकही नाही. औषधाच्या बाटल्यांची मोजदाद चोख आहे. बघा हवं तर."

"आणि जांभळे हातमोजे?"

तो खाली वाकून एक खोकं उगाचच सरळ करू लागला. "ते कंपनीकडूनच कमी येतात हल्ली," तो म्हणाला.

मैना जेवणाच्या सुट्टीत खाली आली होती, तीही तिथेच टेकली. तिची बडबड परत सुरू झाली होती, पण तिच्यात आता जोर नव्हता. उलट्यांनी जीव नकोसा झालाय. सकाळी निघताना आलं कुटून गरम पाण्यात घेते, तेवढ्यावर दिवस निघतो. घरी असले की दिवसभर तेच चालू असतं. बरं, सासूबाईंचंही काही खरं नाही. दात दुखतात म्हणून नुसतं पातळ सूप पितात, वाळून काडी झाल्यात, हे बिचारे त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेऊन नेऊन थकले. "आमच्या घरात सध्या चावून खाणारे हे एकटेच," ती म्हणाली आणि हसली. भाऊजी मात्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. काकांच्या पिशव्या स्वच्छ, काकांचं टेबल स्वच्छ. आणि फोनवर औषधाचा अंश.

मिरचीला बोलावलं गेलं. ती आली ती तावातावानेच, पण कागद बघून खुर्चीत कोसळली. "हो, घेतला असेल मी फोन तसाच. एकदा नाही, बरेचदा. पळापळीत कोण मोजे काढतं?" आणि मग एकदम रडू फुटून म्हणाली, "भांडते मी तिच्याशी. पण तिच्या पोटातल्या जिवाशी माझं काय वैर आहे?"

तिला वॉर्डातून काढून कपड्यांच्या कोठीत पाठवण्यात आलं. फोन बदलला. टेबल घासून काढलं. आणि मैनेला सक्तीची रजा देऊन भिंगताईंनी स्वतः दारापर्यंत पोचवलं. "आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. खा, पी, झोप काढ. इथलं वारंसुद्धा नको तुला. आठवड्यानं परत नमुना घेऊ, शून्य येतं की नाही बघ."

मैनेने मान हलवली. तिचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. त्या दुपारी भिंगताई कधी नव्हे त्या चहा संपेपर्यंत एका जागी बसल्या.

४

आठवड्याने आकडा आला. तो वाढला होता.

भिंगताई उभ्या राहिल्या, आणि आपण का उभ्या राहिलो हे विसरून परत बसल्या. रजेवर आहे पोरगी. रुग्णालयाचं तोंड पाहिलेलं नाही. घरात बसली आहे, मीच बसवली आहे. आणि औषध वाढलंय.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आपण इतके दिवस साप समजून भुई धोपटत होतो. फोनवर अंश होता खरा, पण तो नखाच्या टोकावर मावेल एवढा. तो सापडला म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकून मोकळे झाले. ज्याच्या अंगात केमो सापडतं, त्याला ते रुग्णालयातच लागलं असणार, हे आपण न विचारता धरून चाललो. इथे रोज विष हाताळणाऱ्या माणसांना दुसरं सुचणारच नव्हतं. आणि त्यामुळे आपण त्या पोरीला हाताला धरून नेमकं कुठे नेऊन सोडलं?

त्यांनी मैनेला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

त्या धावतच स्टोअरमध्ये गेल्या. दाराला कुलूप. शेजारच्या कारकुनाने सांगितलं, "भाऊजी? ते अर्धी रजा टाकून गेले. आईला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय म्हणाले."

भिंगताई तिथेच थांबल्या. समोर जाळीच्या पलीकडे जांभळ्या हातमोज्यांची खोकी रचलेली होती. काकांची कुरकुर त्यांना आठवली, आणि आता ती कानाआड जाईना. बाटल्यांची मोजदाद चोख. औषध एक थेंबही गेलेलं नाही. गेले ते फक्त हातमोजे, आणि तेही केमोचेच. साधे पांढरे उघड्यावर पडलेले असताना कोणी जाड जांभळे उचलून नेतं, ते कशासाठी? जो ते नेतो त्याला आपण काय हाताळतोय हे पक्कं ठाऊक आहे. तो औषध चोरत नाही, कारण औषध त्याच्याकडे आधीच आहे. दुसरीकडून, रीतसर आलेलं. म्हणजे ते कुणाच्या तरी इलाजाचं आहे.

कुणाच्या?

त्यांनी टॅक्सी पकडली आणि मैनेच्या घराचा पत्ता सांगितला. रस्ता संपेना. सिग्नलवर गाडी थांबली की त्या दार उघडून पळायच्या बेतात येत.

५

दार मैनेनेच उघडलं. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला, पण ताईंना बघून फुलून आली. "फोन आत राहिला होता हो! या ना. मी जरा आलं कुटत होते, तुम्हालाही टाकते थोडं गरम पाण्यात."

ती बोलत बोलत स्वयंपाकघरात वळली. ओट्यावर काळ्या दगडाचा, खरबरीत, जुना खलबत्ता होता. शेजारी आल्याचा तुकडा. मैनेने बत्ता उचलला.

"ठेव तो खाली!"

भिंगताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मैनेच्या हातातून बत्ता निसटून ओट्यावर आपटला.

"काय झालं ताई?"

"हात धू. आत्ता. साबण लाव, परत लाव." त्यांनी तिला नळापाशी ढकललंच. "आणि मला सांग. तुझ्या सासूबाईंना गोळी गिळता येते?"

मैना साबणाच्या हातांनी बघत राहिली. "गोळी? त्यांना तर पाण्याचा घोटसुद्धा नीट... पण गोळी कशाची? त्या दाताच्या..."

ती थांबली. नर्स होती ती. वाळलेलं शरीर, पातळ सूप, दर थोड्या दिवसांनी डॉक्टरकडच्या फेऱ्या. वॉर्डात असा पेशंट आला असता तर तिने खुर्ची दाखवायच्या आधी ओळखला असता. घरात मात्र ती सून होती, आणि सासूने दात म्हटलं की दात.

किल्लीचा आवाज झाला. भाऊजी आईला धरून आत घेऊन येत होता. स्वयंपाकघरात भिंगताईंना बघताच त्याचे पाय उंबऱ्यातच थांबले. त्याची नजर सरळ खलबत्त्याकडे गेली.

"यातच कुटता ना गोळ्या?" भिंगताईंनी विचारलं.

त्याने आईचा हात आणखी घट्ट धरला. बोलल्या त्या सासूबाई. बारीक, खणखणीत आवाजात.

"त्याला नका विचारू. मी शपथ घातली होती त्याला. सुनेचं एक गेलंय. आता हिच्या कानावर आलं की मला काय झालंय, तर ही रात्रंदिवस माझ्या उशाशी बसेल आणि स्वतःचं सोडून देईल. पोर हाती येईस्तोवर हिला कळू द्यायचं नाही, असं ठरवलं आम्ही दोघांनी. त्यासाठी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जातो. त्यात कुणाचं काय बिघडवलं?"

सासूबाईंना अजून ठाऊकच नव्हतं. भाऊजीने मैनेच्या तपासणीची गोष्ट आईपर्यंत येऊच दिली नव्हती. एकीचं गुपित दुसरीपासून सांभाळता सांभाळता तो माणूस मधल्या मध्ये चेपून निघाला होता.

"गोळी घशात अडकायची," शेवटी तो म्हणाला. "उलटून पडायची. म्हणून बारीक करून मधात द्यायला लागलो. मला माहीत होतं ताई, हे साधं औषध नाही. तुमच्या प्रशिक्षणाच्या वर्गाला मीही बसलोय. दोन हातमोजे घालायचो. जांभळेच. मोजे पिशवीत बांधून फेकायचो. खलबत्ता साबणानं घासायचो, दोनदोनदा. आकडा आल्यावर मनात आलं, पण मग फोनवर सापडलं, मिरचीनं कबूल केलं, आणि मी..." त्याने मान खाली घातली. "मला तेच खरं व्हायला हवं होतं."

"दगड आहे तो," भिंगताई म्हणाल्या. "छिद्राछिद्रांत शिरतं ते. तुमचे हात वाचले हो. औषध गेलं ते दगडात, आणि दगडातून आल्यात. कामावर होती तोवर सकाळी एकदाच घ्यायची बिचारी. मी तिला घरी पाठवलं, आणि ती दिवसभर प्यायला लागली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ही गोळी फोडायचीच नसते. गिळता येत नाही एवढं डॉक्टरला सांगितलं असतंत, तर त्यांनी दुसरी वाट काढली असती. आणि मी तुम्हाला हात वाचवायला शिकवलं. घरी असा पेशंट असला तर काय करायचं, हे शिकवायचं मला कधी सुचलंच नाही."

सासूबाई एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत होत्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"म्हणजे माझं औषध... हिच्या पोटात?"

भाऊजीने मान हलवली.

"मग आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "एक गोळी घेणार नाही मी. टाका सगळ्या काढून. माझं काय, झालंच आहे आता. पोटातल्याचं सगळं व्हायचंय."

"गप्प बसा आई!"

मैना ओरडली होती. सासूपुढे तिने आवाज चढवल्याचं या घराला माहीत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नर्सचा कडक आवाज लावायची तिची धडपड चालली होती. "एक गोळी चुकवायची नाही. एकसुद्धा. मी माझ्या बहिणीकडे जाते राहायला, आजच. तुमचं न्हाणीघर, तुमची भांडी, तुमच्या चादरी सगळं वेगळं. ते कसं करायचं ते ताई लिहून देतील. आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मला एकदा विचारायचं होतं हो. मी याच कामाची नर्स आहे. सगळ्या गावाला सांगते मी, कसं सांभाळायचं. घरच्यांनी मलाच नाही विचारलं."

ती आत जाऊन पिशवी भरू लागली. भिंगताईंनी हातमोजे चढवले, खलबत्ता जाड पिशवीत बांधला आणि बरोबर घेतला. गुन्हा सिद्ध करण्यासाठी नव्हे. तो त्या ओट्यावर आणखी एक क्षणही राहायला नको होता.

६

नंतरची कामं पटापट झाली. भिंगताईंनी सगळ्या वॉर्डासमोर मिरचीची माफी मागितली. मिरचीने ती बरेच आढेवेढे घेऊन स्वीकारली, आणि संध्याकाळी मैनेच्या बहिणीकडे फळं घेऊन गेली. भाऊजीला हातमोज्यांबद्दल लेखी समज मिळाली. काकांना पूर्ण भरलेली खोकी मिळू लागली, तरी कुरकुर सुरूच राहिली. सासूबाईंना दुसऱ्या रूपात औषध मिळालं; कुटायचं कारण उरलं नाही. मैनेचा आकडा उतरत उतरत नाहीसा झाला.

पण जे आधीच आत गेलं होतं, त्याचं काय? त्याचं उत्तर भिंगताईंच्या कुठल्याच बोळ्यात सापडणार नव्हतं. ते सोनोग्राफीत दिसायचं होतं, आणि तेही पुरतं नाहीच.

सोनोग्राफीच्या दिवशी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या गेल्या. मैनेला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकापुढून येरझारा घालून घालून त्यांनी तिथल्या बायकांना वैताग आणला. भाऊजी दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. मैना त्याच्याशी अजून धड बोलत नव्हती, पण आत जाताना तिने आपली पर्स त्याच्याच हातात दिली होती, आणि तो ती दोन्ही हातांनी धरून होता.

सासूबाई सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात एकट्या बसल्या होत्या. शेजारची जागा रिकामी होती, तरी कोणी येऊन बसू लागलं की त्या आणखी आत सरकत.

दार उघडलं. मैना बाहेर आली, मागून डॉक्टरीणबाई.

"आज जे दिसायला हवं ते सगळं जागच्या जागी आहे," त्या म्हणाल्या. "हृदय छान चाललंय, वाढ बरोबर आहे. मी तुम्हाला खोटी हमी देणार नाही. पुढच्या तपासण्या चुकवू नका. पण आज घाबरण्यासारखं काही नाही."

भाऊजीने हातातली पर्स छातीशी घट्ट धरली. भिंगताईंनी डोळे पुसले आणि कोणी पाहिलं नाही ना ते पाहिलं. मैना मात्र दोघांकडेही न थांबता सरळ कोपऱ्याकडे निघाली.

तिला येताना बघून सासूबाई लगबगीने उठल्या, मागे सरल्या. "लांब राहा बाई. मला शिवू नकोस. माझ्या अंगात ते भिनलंय."

"बसा खाली," मैना म्हणाली.

"अगं, कशाला परत..."

"बसा म्हणते ना. गोळीला हात लावायचा नाही मी. तुमच्या चादरीला, तुमच्या न्हाणीघराला नाही. ते सगळं मला पाठ आहे. पण शेजारी बसल्यानं, हात धरल्यानं काही होत नसतं, आई. इतक्या पेशंटना मी हे सांगितलंय, की घरच्यांना जवळ घ्या, घाबरू नका. आणि माझीच सासू कोपऱ्यात बसणार?"

ती त्यांच्या शेजारी टेकली, अगदी अंगाला अंग लागेल अशी. मग त्यांचा तो वाळलेला हात उचलून तिने आपल्या पोटावर ठेवला. सासूबाईंनी तो झटकन ओढून घेतला. तिने परत धरून आणला आणि वर आपला हात दाबून ठेवला.

बराच वेळ सासूबाई श्वाससुद्धा जपून घेत होत्या. मग बोटं हळूहळू सैल झाली आणि सगळा तळवा टेकला. त्या खाली वाकल्या आणि फक्त पोटातल्याला ऐकू जाईल एवढ्या हळू बोलल्या, पण येरझारा थांबवून उभ्या राहिलेल्या भिंगताईंना ते ऐकू आलं.

"तू ये सावकाश. मी थांबते तोवर."